माउंटन चिकन बेडूक: बुरशी बेटावरच असेल तर परदेशात पिल्लं वाढवून उपयोग काय?

शहाद्याची_मॅडम:
राम राम मंडळी. मी शहाद्याकडे एका शाळेत विज्ञान शिकवते. मागच्या आठवड्यात नववीच्या वर्गात कॅरिबियनमधल्या माउंटन चिकन बेडकाचा विषय निघाला. वजन किलोभरापर्यंत, आता डॉमिनिका आणि मॉन्सेरात ह्या दोनच बेटांचा, लोक आवडीने खायचे म्हणून नाव असं. २००२ मध्ये डॉमिनिकात कायट्रिड नावाची बुरशी आली आणि दीडेक वर्षात बहुतेक सगळे बेडूक मेले. मॉन्सेरातला १९९५ पासून ज्वालामुखी, अर्धं बेट त्यात गेलं, आणि उरलेल्या जंगलात २००९ मध्ये तीच बुरशी पोचली, मग घाईघाईने ५० बेडूक विमानाने युरोपात नेले. इथपर्यंत मुलं गप्प ऐकत होती, मग एकाने विचारलं, मॅडम, बुरशी तर तिथेच आहे ना, मग पिल्लं मोठी करून परत सोडली की ती पण मरतीलच. मला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. कोणी सांगेल का?

तापीकाठ_झूलॉजी:
मॅडम, पोराचा प्रश्न एकदम बरोबर आहे, नुसतं वाढवून सोडणं पुरत नाहीच. बेडूक पाणी आणि क्षार कातडीतूनच घेतो ना, ही बुरशी नेमकी कातडीत वाढते, रक्तातलं सोडियम पोटॅशियम घसरतं आणि शेवटी हृदय बंद पडतं. आणि बेटावर दुसरे छोटे बेडूक आहेत ते बुरशी अंगावर घेऊन आरामात जगतात, म्हणजे मोठे सगळे मेले तरी बुरशी मरत नाही.
त्यात ह्याची वीण फार सावकाश. आपल्याकडे पहिल्या पावसात डबक्यात हजारो अंडी दिसतात तसं नाही. मादी जमिनीतल्या बिळात फेसाचं घरटं करते, पिल्लं फेसातच वाढतात, आणि आई मधूनमधून येऊन त्यांच्यासाठी न फळलेली अंडी घालते, तेच त्यांचं खाणं. एका घरट्यातून वीस-पंचवीस, फार तर चाळीसेक पिल्लं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नाही. असा जीव एकदा घटला की आपला आपण भरून येत नाही, म्हणून बाहेर थोडे सुरक्षित ठेवणं गरजेचं होतं, तो वेळ विकत घेणं आहे.

रावेर_केळीबाग:
ताई मी शेतकरी माणूस, बेडकातलं जास्त कळत नाही पण बुरशी रोज बघतो. केळीवर करपा येतो तो पण बुरशीच, ओल आणि सावली मिळाली की पसरते, म्हणून आम्ही रोगट पानं कापतो, बुंध्याशी फुटणारे जादा कोंब म्हणजे पील काढतो, बागेत हवा खेळली पाहिजे. आखाजीच्या आधी आई धान्य धाब्यावर कडक उन्हात टाकायची ते पण त्याच्याचसाठी. बेडकाची बुरशी उन्हाने मरत नाही का?

तापीकाठ_झूलॉजी:
भाऊ, तुम्ही मुद्द्यावरच बोट ठेवलं! कायट्रिडला १७ ते २५ अंश मानवतं, तिशीच्या वर गेलं की ती टिकत नाही. म्हणूनच २०१९ मध्ये २७ बेडूक मॉन्सेरातला परत नेले ते थेट जंगलात सोडले नाहीत, कुंपण घातलेल्या जागेत ठेवले, तिथली झाडं विरळ केली म्हणजे ऊन खाली येईल, आणि डबकी सोलरने गरम केली. बेडूक गरम पाण्यात बसला की अंगावरची बुरशी कमी होते. मॅडम, पोराला हेच सांगा, बुरशी जात नसेल तर बेडकाला तिच्यासोबत जगता येईल अशी जागा करायची.

धुळे_लळिंग:
थोडं उलट पण सांगतो. स्पेनच्या मायोर्का बेटावर एक चिमुकला भेक आहे, नर अंड्यांची माळ मागच्या पायांना गुंडाळून फिरतो. त्याला वाचवायला परदेशात पिल्लं वाढवून सोडली आणि त्या पिल्लांसोबतच कायट्रिड बेटावर गेली, हे कितीतरी वर्षांनी कळलं. म्हणून बाहेर वाढवणं म्हणजे आपोआप सुरक्षित असं मी मानत नाही, तपासणी कडक लागते. पुढे त्यांनी टॅडपोल बाहेर काढून इट्राकोनॅझोलच्या पाण्यात ठेवले, आपल्याकडे डॉक्टर नायट्याला देतात तेच औषध. पहिल्यांदा बुरशी परत आली, मग डबकी रिकामी करून खडकसुद्धा जंतुनाशकाने धुतले तेव्हा गेली. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण तिथे मोजकी खडकातली डबकी, मॉन्सेरातचं ओलं जंगल धुवायचं कसं?

शहाद्याची_मॅडम:
सगळ्यांचे मनापासून आभार. २०२३ च्या पाहणीत डॉमिनिकात फक्त २१ बेडूक सापडले, हा आकडा मी मुलांना सांगायचा टाळला होता, आमच्या वर्गात ५२ मुलं आहेत हो. आता सांगणार. आणि रावेरच्या भाऊंचं करप्याचं पण, निम्म्या मुलांच्या घरी केळीच आहे.

रावेर_केळीबाग:
सांगा ताई. एक विचारू का, ती आई अंडी घालायला येते ते बिळ उन्हात असतं का सावलीत? झाडं कापताना बिळ सुकलं तर फेस टिकेल का?

तापीकाठ_झूलॉजी:
बिळ ओलंच लागतं भाऊ. म्हणून सगळी झाडं नाही काढली, विरळ केलीत, ऊन पण हवं आणि ओल पण.