बापाने मृत्युपत्रात मुलीला वगळलं तर कोर्टात जावं की सोडून द्यावं?

नाशिकची लेक: बाबा गेले आणि तेरावं झाल्या झाल्या भावाने मृत्युपत्र पुढे केलं. रजिस्टर्ड आहे. फ्लॅट, दुकान, एफड्या, सिन्नरकडची शेती सगळं त्याला, माझ्यासाठी एकच ओळ, मुलीने मर्जीविरुद्ध लग्न केले म्हणून तिला काही देत नाही. अहो हेच बाबा नंतर माझ्याकडे येऊन राहायचे, नातवाला शाळेत सोडायचे, शेवटच्या आजारपणात दवाखान्यात रात्री मीच बसायचे आणि मृत्युपत्र नेमकं त्याच आजारपणातलं. माझं मत चॅलेंज करायचंच. नवरा म्हणतो सोड.

स्पष्टवक्ता: कडू वाटेल, पण नवरा बरोबर बोलतोय. स्वकष्टाची मिळकत कुणाला द्यायची हा बापाचा हक्क. अन्याय झाला एवढ्यावर कोर्ट मृत्युपत्र रद्द करत नाही. उद्या मी माझा फ्लॅट गोशाळेला दिला तर पोरांनी केस ठोकायची का?

कोर्टाची पायरी: हक्क कोण नाकारतंय, पण ते मृत्युपत्र त्यांनी समजून-उमजून केलं का हा प्रश्न आहे ना, आणि ते सिद्ध करायचं काम भावाचं. सुप्रीम कोर्टाचा १९५९ चा वेंकटाचल अय्यंगार निकाल बघा. करणाऱ्याची तब्येत नाजूक होती, ज्याला सगळं मिळालं त्यानेच पुढे होऊन ते करवून घेतलं, असं काही असेल तर तो संशय त्यानेच दूर करायचा. रजिस्टर्ड आहे म्हणून संशय आपोआप मिटत नाही. दोन साक्षीदार लागतात, त्यातला निदान एक हयात असेल तर त्याची साक्ष काढावीच लागते. फक्त 'भावाने दबाव टाकला' म्हणालात तर तो दबाव तुम्ही सिद्ध करायचा, तिथे भल्याभल्या केसेस आपटतात.

स्पष्टवक्ता: आणि मुलीला वगळलं हाच संशय असं कुणी म्हणू नका. सगळ्यांना सारखंच द्यायचं असतं तर माणूस मृत्युपत्र कशाला करेल? इथे तर कारणही लिहिलंय.

सासुरवाशीण: कारण लिहिलंय म्हणे! ज्या जावयाकडे जेवायला बसायचे त्याच्याशी लग्न केलं म्हणून नाव कापलं, हेच तर पटत नाही. आणि 'सोडून दे' हे नेहमी बहिणीलाच का सांगतात? आमच्याकडे साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली, माहेर तुटेल म्हणून मीही केली. ताई, भावाने आणलेल्या कुठल्याच कागदावर सही करू नका.

मडगावकर: आमच्या गोव्यात बापाला असं करताच येत नाही. अर्धी मिळकत मुलांसाठी राखीव, मृत्युपत्र चालतं ते उरलेल्या अर्ध्यावर. पूर्ण वगळायचं तर कायद्यात दिलेलं कारण लागतं.

स्पष्टवक्ता: म्हणजे ज्या पोराने बापाला दहा वर्षं फोन केला नाही त्यालाही द्यायचं? नको रे बाबा.

मडगावकर: आणि ज्या पोरीने रात्री जागवल्या तिला शून्य, हे चालतं तुम्हाला?

बांधावरचा: शेतीचं कुणी बोलेना. वडिलोपार्जित असेल तर बापाला मृत्युपत्र फक्त स्वतःच्या हिश्श्याचं करता येतं. २००५ पासून मुलगी जन्माने हिस्सेदार, लग्न झालेलं असो नसो.

कोर्टाची पायरी: थांबा, आजोबांची जमीन म्हणजे वडिलोपार्जितच असं नसतं, इथेच लोक फसतात. आजोबांनी स्वतः घेतलेली असेल आणि ते १९५६ चा वारसा कायदा आल्यानंतर गेले असतील तर बाबांच्या वाट्याला आली ती त्यांची स्वतःची म्हणून, १९८६ चा चंदर सेन निकाल. मग त्या जमिनीचंही मृत्युपत्र चालतं. आधी जुने सातबारे आणि फेरफार काढा. तलाठ्याकडे भावाच्या नावाची नोंद लागायची असेल तर लेखी हरकत द्या. साक्षीदार कोण आहेत?

नाशिकची लेक: एक भावाचा दुकानातला पार्टनर. दुसरं नाव मी कधी ऐकलेलं नाही. जमीन पणजोबांपासूनची असं काका म्हणायचे, कागद बघायला लागतील.

स्पष्टवक्ता: पणजोबांची असेल तर जमिनीपुरतं जरूर भांडा, माझा विरोध नाही. फ्लॅट-दुकानाचं मात्र अजूनही म्हणतो, वकिलाच्या फीमध्ये आयुष्य जाईल.

कोर्टाची पायरी: ते दवाखान्याची फाइल बघून ठरवू की. मृत्युपत्राच्या तारखेला कुठली औषधं चालू होती, शुद्ध कशी होती, सगळं त्यात लिहिलेलं असतं. उद्याच अर्ज टाका, जुने रेकॉर्ड कायम ठेवत नाहीत ते.