दिवाळीत कुत्र्यासाठी बोर्डिंग: जागा बघायला गेल्यावर काय तपासायचं? मदत हवी आहे

पुण्यात राहतो. दिवाळीत दहा दिवस सगळं घर गावी जाणार आहे. लॅब्रॅडॉर, नर, 4 वर्षं, 34 किलो, नसबंदी झालेली. फटाक्यांना खूप घाबरतो. तीन जागा समजल्या आहेत: एक शहराबाहेरचं फार्महाऊस, एक खोल्याखोल्यांचं केनेल, एक घरगुती. फोटो सगळ्यांचेच छान आहेत. प्रत्यक्ष गेल्यावर काय बघू? लशी किती आधी द्यायच्या?

प्रतिसाद 1
हिरवळ बघू नका, रात्री कुत्री झोपतात ती जागा दाखवायला सांगा. तिथे नेत नसतील तर नाव खोडा. आत गेल्याबरोबर डोळे चुरचुरतील असा लघवीचा वास आला, तर धुणं आणि हवा दोन्ही कमी पडतंय. फरशीला उतार हवा. कोपऱ्यात पाणी साचत असेल तर तिथल्या कुत्र्यांचे पंजे कायम ओले राहतात.

फाटक एकापाठोपाठ एक अशी दोन हवीत. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. कुत्रं पळतं ते बहुतेक वेळा अशाच एकेरी फाटकातून, त्यातही कोणी नवं कुत्रं आत आणत असताना. जाळीची खालची कड हाताने हलवून बघा.

फरशी कशाने पुसता, हे जरूर विचारा. 'फिनाइल' एवढंच उत्तर पुरेसं नाही. पार्व्होचा (कुत्र्यांना जीवघेण्या उलट्या-जुलाब होतात तो आजार) विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही. आधी घाण धुऊन काढायची, मग साधारण 5 टक्क्यांचं ब्लीच 1 भाग, पाणी 30 भाग, आणि 10 मिनिटं ओलं ठेवायचं. शेणावर, मातीवर नुसतं ब्लीच ओतून उपयोग नाही.

रात्री माणूस तिथेच झोपतो का? कॅमेरा म्हणजे माणूस नव्हे. आणि खायला वेगवेगळं बसवतात ना? मारामाऱ्या ताटलीवरून होतात.

प्रतिसाद 2
लशींबद्दल. रेबीज आणि वार्षिक बूस्टर (लेप्टोसकट, म्हणजे लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या लशीसकट) चालू मुदतीत हवेत. लेप्टो पहिल्यांदाच देत असाल तर 3-4 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून आजच कार्ड बघा. केनेल कफची (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला) नाकात सोडायची लस एका डोसची असते. ती 3 आठवडे आधी द्या. जी जागा लशीचं कार्ड मागतच नाही, तिथे शेजारच्या कुत्र्याचंही मागितलेलं नसतं.

फार्महाऊस म्हटलं की गोचीड आलेच. गोचिडांची गोळी निघायच्या आठवडाभर आधी द्या. पूर्वी फिट आली असेल तर व्हेटला (प्राण्यांच्या डॉक्टरला) विचारूनच. गोचिडांमुळे ताप येतो, म्हणून परत आल्यावर तीन आठवडे लक्ष ठेवा: ताप, जेवण सोडणं, हिरड्या फिक्या पडणं, नाकातून रक्त. यातलं काहीही दिसलं तर लगेच सीबीसी (रक्ताची तपासणी) करा आणि प्लेटलेट बघा. 'दमला असेल' म्हणून थांबू नका.

मूळ धागाकर्ता
धन्यवाद! घरी चिकन-भात खातो, तिथे ड्रायफूड देतात. आणि फटाक्यांचं काय?

प्रतिसाद 3
खाणं एकदम बदललं की जुलाब ठरलेलेच, त्यात नवी जागा. एकतर घरचं देऊ द्या (फ्रीजर आहे का ते विचारा), नाहीतर आतापासून सात दिवसांत बदला: दोन दिवस पाव हिस्सा ड्रायफूड, दोन दिवस अर्धं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. दर वेळचं जेवण वेगळ्या पिशवीत, दोन दिवसांचं जास्तीचं.

फटाक्यांसाठी वस्तीपासून लांबची जागा बरी, पण संध्याकाळी सात ते अकरा कुत्रा बंद खोलीतच असावा. मोकळ्या मैदानात घाबरलेला लॅब कुंपणाचा विचार करत नाही. गोळी लागणार असेल तर व्हेटकडून घ्या आणि तिचा एक डोस घरीच देऊन बघा. नुसत्या गुंगीच्या गोळीने कुत्रा पडून राहतो, भीती मात्र तशीच राहते.

व्हेटचा नंबर, खर्चाची मर्यादा आणि 'उपचार सुरू करावेत' अशी सहीची चिठ्ठी देऊन ठेवा. त्यात स्पष्ट लिहा: माणसांची क्रोसिन, कॉम्बिफ्लाम काहीही द्यायची नाही. आणि दिवाळीआधी एक रात्र ठेवून बघाच. दुसऱ्या दिवशी त्याने खाल्लं का, शी कशी झाली, एवढं विचारलं तरी जागा कळते.