५५ इंची टीव्ही: दुकानात चित्राची तुलना कशी करायची?

बोरीकाठची (अमळनेर)

राम राम मंडळी. दिवाळीआधी ५५ इंची टीव्ही घ्यायचा आहे, जळगावला नाहीतर धुळ्याला. दुकानात वीस टीव्ही रांगेत, सगळ्यांवर तीच फुलं आणि तेच मासे, आणि सगळेच झकास दिसतात. सारख्या किमतीच्या दोन टीव्हींमध्ये चित्र कोणाचं चांगलं, हे ओळखायचं कसं?

हॉल १२ बाय १४ फूट. टीव्हीसमोर ८ फुटांवर सोफा, बाजूच्या भिंतीला दिवाण, पश्चिमेला मोठी खिडकी. दिवसभर डिशवर मराठी बातम्या आणि मालिका, मॅच असली की मॅच, रात्री ओटीटीवर सिनेमे. एक दुकानदार ओएलईडी घ्या म्हणतो, दुसरा म्हणतो क्यूएलईडी म्हणजे तेच. तेही जरा समजावून सांगा.

तापीकाठ (भुसावळ)

ताई, दुकानातला टीव्ही दुकान मोडमध्ये लावलेला असतो. बॅकलाइट (पडद्यामागचा उजेड) पूर्ण, रंग भडक, पांढऱ्यात निळी झाक. अशा रांगेत डोळा सगळ्यात उजळ आणि निळसर टीव्हीवर जाऊन थांबतो आणि तोच भारी वाटतो. म्हणून आधी दोन्ही टीव्ही होम मोडवर टाकायला सांगा. नुसता पिक्चर मोड बदलून भागत नाही. दुकान मोड चालू असला तर बऱ्याच टीव्हींमध्ये काही मिनिटांत सेटिंग परत पहिल्यासारखं होतं. मग दोन्हींवर फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड, कलर टोन वॉर्म, पॉवर सेव्हिंग आणि लाइट सेन्सर बंद. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल, कारण डोळा निळ्याला सरावलेला असतो. पाच मिनिटं जाऊ द्या, मग माणसांचे चेहरे बघा.

कंपनीचा डेमो व्हिडिओ बंद करायला लावा. काळ्या पार्श्वभूमीवर भडक रंग आणि संथ हालचाल, यात कुठलाही टीव्ही चांगलाच दिसतो. स्वतःचा पेनड्राइव्ह न्या. ३२ जीबीचा पुरे, एक्सफॅटमध्ये (पेनड्राइव्हवर फाइल ठेवायची एक पद्धत) फॉरमॅट करा. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एखाद्या टीव्हीने एक्सफॅट वाचला नाही तर लहान फाइल्स फॅट३२ वर टाकून तोही सोबत ठेवा. त्यात ३८४० बाय २१६० मापाची चार चित्रं हवीत: पूर्ण काळं आणि मधे एक बारीक पांढरा ठिपका, ५ टक्के राखाडी, ५० टक्के राखाडी, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू उजळत जाणारा पट्टा. शिवाय मोबाइलवर फोर-केमध्ये काढलेले दोन व्हिडिओ: एक घरातल्या माणसांचा दिवसाउजेडी, फिल्टर न लावता, दुसरा मैदानावरून किंवा शेतावरून कॅमेरा आडवा फिरवलेला. बारकाई मात्र फोटोवरून ठरवू नका. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं फोटो दाखवणारं ॲप फुल एचडीतच चित्र काढतं. बारकाई व्हिडिओवरच बघायची.

५ आणि ५० टक्के राखाडीवर पूर्ण पडदा एकसारखा दिसायला हवा. मधे मळकट डाग किंवा उभे पट्टे दिसले तर ते मॅचमध्ये हमखास डोळ्यात येतात. चेंडू सीमारेषेकडे जाताना कॅमेरा फिरतो, हिरवं गवत सरकतं आणि पट्टे जागचे हलत नाहीत. एकदा दिसले की दरवेळी दिसतात, आणि कुठल्याही सेटिंगने जात नाहीत. उजळत्या पट्ट्यावर पायऱ्या पडल्या तर टीव्हीला बारीक छटा जमत नाहीत. आकाश आणि धूर असलेल्या प्रसंगांत तेच दिसणार. काळ्या चित्राला दुकानातले वरचे दिवे बंद करायला लावा. नाहीच केले तर दोन्ही हातांची ओंजळ डोळ्यांभोवती धरून बघा. कोपरे उजळलेत का, ठिपक्याभोवती धुकं पसरतं का, हे तेवढ्यानेही कळतं.

सातपुडा_चोपडा

तुमच्या दुकानदारांच्या वादाचं आधी बोलतो. क्यूएलईडी आणि ओएलईडी यांत नाव सोडून साम्य नाही. क्यूएलईडी हा एलसीडीच, मागे बॅकलाइट, मधे रंग शुद्ध करणारा क्वांटम डॉटचा (अतिसूक्ष्म कणांचा) थर. ओएलईडीला बॅकलाइटच नसतो. प्रत्येक पिक्सेल (चित्राचा बारीक ठिपका) स्वतः उजळतो आणि पूर्ण विझतो, म्हणून काळा खराखुरा काळा. रात्रीच्या सिनेमाला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

तरी तुमच्या घरी ओएलईडी नको, ताई. दिवसभर बातम्या म्हणजे खाली तीच लाल पट्टी, कोपऱ्यात तोच लोगो, रोज तासन्‌तास. त्या जागचे पिक्सेल बाकीच्यांपेक्षा लवकर थकतात आणि पट्टीची सावली कायमची उमटू शकते.

एलसीडीत पॅनेल, म्हणजे चित्राचा पडदा, दोन जातींचं: व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ) साधारण ३०००:१ ते ६०००:१, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. रात्री काळ्याची खोली व्हीएत दिसते, आयपीएसचा काळा राखाडी वाटतो. पण व्हीएचा रंग बाजूने फिका पडतो, साधारण २५-३० अंशांनंतर ते जाणवायला लागतं. तुमचा हिशोब करून बघा. ८ फूट लांब बसलेला माणूस मधल्या रेषेपासून ४ फूट बाजूला असेल तर कोन २७ अंश, म्हणजे चालून जातं. दिवाणावरचा माणूस ४ फूट लांब आणि ५ फूट बाजूला असेल तर कोन ५० च्या पुढे, त्याला चेहरे धुतल्यासारखे दिसणार. दिवाणावर रोज कोण बसतं त्यावर ठरवा. आजी तिथूनच मालिका बघत असतील तर आयपीएस किंवा रुंद कोनाचा थर लावलेलं पॅनेल बघा. दिवाण पाहुण्यांपुरता असेल तर डोळे झाकून व्हीए.

दुकानात टेप घेऊन जा, हीच अंतरं जमिनीवर मोजा आणि तिथे उभं राहून बघा. एकाच मॉडेलच्या ५० आणि ५५ इंचात पॅनेलची जात वेगळी असू शकते, म्हणून लहान माप बघून मोठं बुक करायचं नाही.

पांझरा_धुळे

वरचं दोघांचं बरोबर आहे, पण ताईंचा टीव्ही जास्त करून दिवसा चालणार आणि त्यावर डिश असणार. मी ती चाचणी आधी घेतली असती. दुकानदाराला साधा एसडी चॅनल लावायला सांगा, एचडी नव्हे. एसडी चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० पिक्सेल. बरोबर वीस पट. एका पिक्सेलचे वीस करायचं काम टीव्हीच्या प्रोसेसरचं, आणि सारख्या किमतीच्या टीव्हींमधला खरा फरक इथे उघडा पडतो. चॅनलवर पळणाऱ्या अक्षरांच्या कडा बघा, साडीच्या काठाची नक्षी बघा. मुंग्या चालल्यासारखं दिसलं तर तो बाद.

डब्यावर फोर-के लिहिलंय म्हणून भुलू नका. ५५ इंचात फुल एचडीचा पिक्सेलसुद्धा साधारण ७ फुटांपलीकडे निरोगी डोळ्याला सुटा दिसत नाही, आणि तुम्ही ८ फुटांवर आहात. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र) आणि त्याचाच प्रकार डॉल्बी व्हिजन, यांच्या शिक्क्यांचंही तसंच. शिक्का म्हणजे टीव्ही तो सिग्नल वाचतो, एवढंच. २५०-३०० निट्सचा (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) आणि लोकल डिमिंग (बॅकलाइट भागाभागाने मंद करणं) नसलेला टीव्ही एचडीआर सिनेमा उलट अंधारा दाखवतो. तुमची खिडकी पश्चिमेला आहे, तर पैसे उजेडावर आणि फुल ॲरे (पूर्ण पडद्यामागे एलईडी असलेल्या) लोकल डिमिंगवर घाला. दोन्ही जमत असेल तर मिनी-एलईडी, म्हणजे बॅकलाइटला खूप बारीक एलईडी असलेला. पडदा बंद करून बघा, दुकानाची ट्यूबलाइट त्यात किती स्पष्ट दिसते. खिडकीचं प्रतिबिंब तेवढंच दिसणार.

दुकानदाराने जुन्या कराची किंमत सांगितली तर टोका. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय.

बोरीकाठची (अमळनेर)

सगळ्यांचे आभार. दिवाणावर सासूबाईच बसतात, त्यामुळे टेप घेऊनच जाईन. आमचा सेट-टॉप बॉक्स जुना आहे, पिवळी-लाल-पांढरी वायर आहे. ती चालेल ना? आणि स्टॅबिलायझर लागेल का? आमच्याकडे व्होल्टेज फार वरखाली होतं.

केळीपट्टा_रावेर

ताई, पिवळ्या वायरीने नवा टीव्ही जुन्यापेक्षा वाईट दिसेल. तिच्यातून एसडीच येतं, तेही रंग मिसळलेलं. एचडी बॉक्स घ्या, एचडीएमआय वायर लावा, बॉक्सच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०आय करा. बरेच बॉक्स ५७६ वरच राहून जातात आणि दोष टीव्हीला लागतो.

स्टॅबिलायझरचं: टीव्हीच्या मागच्या लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर कमी व्होल्टेजला टीव्ही स्वतःच सांभाळून घेतो. धोका जास्त व्होल्टेजचा. खांबावर न्यूट्रल तुटला की घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतं आणि पॉवर सप्लाय जागेवर जातो. वायरमनकडून मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. वीज कडाडायला लागली की टीव्हीचा प्लग काढा आणि बॉक्समधून डिशची केबलही सोडवा. ती केबल छतावरून येते आणि लोक तिलाच विसरतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचंही बघा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि बऱ्याच टीव्हींच्या पुस्तिकेत चालवण्याची मर्यादा ४० अंश दिलेली असते. मागे १० सेंमी मोकळी जागा ठेवा, पश्चिमेची भिंत टाळा. बॅकलाइट दुपारी हवा तेवढा ठेवा, पण रात्री ३०-४० वर आणा. पूर्ण बॅकलाइटवर दिवसरात्र चालवला की आतल्या एलईडी पट्ट्या लवकर जातात. आधी पडद्यावर गडद ठिपके पडतात, मग आवाज येतो पण चित्र येत नाही. शार्पनेस शून्याजवळ ठेवा, नाहीतर अक्षरांभोवती पांढरी रेघ उमटते.

टीव्ही घरी आला की डबा उभाच आणलाय ना ते बघा. बसवणारा माणूस जायच्या आत तोच पेनड्राइव्ह लावा: ५ टक्के राखाडी, ५० टक्के राखाडी, मग लाल, हिरवा, निळा आणि पांढरा भरलेला पडदा (ही चित्रंही त्यात आधीच टाकून ठेवा). काही खटकलं तर फोटो खोलीतला दिवा लावून काढा. अंधारात मोबाइल उजेड फुगवून दाखवतो आणि तो फोटो कंपनी मानत नाही.