दारासमोरच्या सोप्यात ५५ इंची टीव्ही: ओएलईडी की क्यूएलईडी?

रंकाळाकाठ:
मंडळी, जुना ३२ इंची काढून ५५ घ्यायचं ठरलंय. शिवाजी पेठेत जुनं घर, टीव्ही सोप्यात, दार दिवसभर सताड उघडं. सगळा उजेड पडद्यावर. सकाळपासून बाबांच्या बातम्या, रात्री पोरांचं फुटबॉल. बाबा दिवाणावर आडवे होऊन कडेनं बघतात. राजारामपुरीत ओएलईडी बघितला, नाद खुळा! शेजारचा क्यूएलईडी बराच स्वस्त. दुकानदार म्हणतो, दोन्ही सारखेच. खरं काय?

वायरमन_गडी:
सारखे कसे, मर्दा? ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो नि विझतो, म्हणून काळं म्हणजे काळंच. क्यूएलईडी मुळात एलसीडी. मागं एलईडीचा उजेड, पुढं क्वांटम डॉटचा पापुद्रा, त्यानं रंग खुलतात. पण बातम्यांच्या घरात मी ओएलईडी सुचवणार नाही. वाहिनीचा लोगो नि खालची पट्टी रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली की तिथले ठिपके लवकर झिजतात. डाग कायमचा. वॉरंटीत बसतो का, आधी विचारा.

ताराराणी_चौक:
दादा, कडेनं बघायचंय तर एलसीडीचं पॅनेल, म्हणजे पडदा, आयपीएस जातीचा की व्हीए ते आधी विचारा. आमच्याकडं व्हीए आहे. समोरून झकास, पण सासूबाईंच्या खुर्चीतनं मालिकेतली सगळी माणसं अंगारा फासल्यागत दिसतात. आयपीएसला तो त्रास कमी, फक्त रात्री दिवे घालवले की काळं राखाडी होतं. दुकानातल्या डेमोवर तर अजिबात जाऊ नका, तो टीव्ही भडक मोडवरच ठेवलेला असतोय. सेटटॉप बॉक्स लावून एसडी, म्हणजे कमी स्पष्ट चित्राचं, चॅनेल दाखवा म्हणावं. ५५ इंचावर ते किती पिठूळ दिसतं ते तिथंच कळेल.

पेठेतला_गोली:
मिनी एलईडी बघ भावा. तोही एलसीडीच, पण मागं बारीक दिवे, गटागटानं कमी-जास्त होणारे. उजेड दणकट, दारासमोर चालतोय. काळ्यावर पांढरी अक्षरं आली की भोवती जरा धुकं दिसतं, एवढंच. पोरं गेम खेळत नसतील तर १२० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्याला, जादा पैसे घालू नकोस. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, जुना भाव कुणी सांगितला तर ऐकू नकोस.

रंकाळाकाठ:
मिनी एलईडी पटतंय. पण तो कडेनं कसा दिसतो? दिवाण सरकवायला बाबा तयार नाहीत, विचारून झालं.

ताराराणी_चौक:
त्यात बरेचसे व्हीएच असतात. काही महाग मॉडेलांना कडेनं बघण्यासाठी वेगळी फिल्म असते, ती आहे का विचारा. आणि बाबांनाच दुकानात न्या, तिथंही कडेलाच उभं करा.