प्रति: मानेभोवती नाळ
सोनोग्राफीत मानेभोवती नाळेचा वेढा दिसला की सिझरच, हे वरचं म्हणणं पटलं नाही. साधारण चार-पाच बाळांमागे एकाला वेढा असतोच आणि बहुतेक सुखरूप जन्मतात. नाळेतल्या रक्तवाहिन्यांभोवती व्हार्टन जेली नावाचा पाणीदार, चिकट गर असतो. पीळ पडला तरी तो त्यांना सहसा चेपू देत नाही.

खानापूरकडे मी बाळंतपणं करते. परवा एका आजींनी विचारलं, "नाळ कापताना लेकराला दुखतंय काय गं?" दुखण्याची जाणीव देणारे मज्जातंतू नाळेत नसतातच. कापलेलं टोक त्यांना दाखवलं: जाड भिंतींची दोन बारीक तोंडं, त्या धमन्या, शेजारी मोठं, सैल तोंड, ती बाळाकडे ऑक्सिजन नेणारी शीर. भोवतीचा गर बघून म्हणाल्या, "शहाळ्याच्या मलईगत दिसतंय की!"