घराशेजारी क्लोरीनशिवायचा पोहण्याचा तलाव: खड्डा खणण्याआधी काय ठरवावं?

मुळशीतला_वाफा
मुळशी तालुक्यात घराशेजारच्या मोकळ्या जागेत १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद पोहण्याचा तलाव करायचा आहे. क्लोरीन नको, खडी आणि पाणवनस्पतींच्या गाळणीवर चालणारा हवा. वर दीड फूट काळी माती आणि खाली मुरूम आहे. बोअरला मे महिन्यातही पाणी असतं, पण ते जड आहे. रोज चारजण पोहतील, त्यात दोन लहान मुलं.

ठेकेदाराचं म्हणणं असं: शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद अंथरू, कडेला मातीत कमळं लावू, मासे सोडू, पाणी आपोआप नितळ राहील. हे बरोबर आहे का? वनस्पतींना जागा किती द्यायची, पंप केवढा घ्यायचा, डासांचं आणि पावसाळ्याचं काय? काम दिवाळीनंतर सुरू करायचं आहे.

खडीगाळणी
ठेकेदाराने सांगितलं तसं केलंत तर शेततळंच होईल आणि दुसऱ्या महिन्यात ते हिरवं पडेल. असे तलाव १९८०च्या दशकात ऑस्ट्रियात बांधायला लागले. तिथला नियम इथेही लागू आहे: पोहायला जेवढी जागा, साधारण तेवढीच गाळणीला. म्हणजे ५० चौरस मीटर पोहण्याचा भाग आणि ५० चौरस मीटर खडीचा वाफा, मिळून जवळपास एक गुंठा. तेवढी जागा नसेल तर पोहण्याचा भाग लहान करा, गाळणीची जागा कापू नका.

पोहण्याचा भाग १.२ मीटरपासून १.८ मीटरपर्यंत उतरता ठेवा. सरासरी दीड मीटर धरली तर ७५,००० लिटर पाणी होतं. खडीचा थर ६० सेंटिमीटरचा म्हणजे ३० घनमीटर, साधारण साडेदहा ब्रास. तळाला १५ सेंमी ४० मिमीची खडी, त्यावर १० सेंमी २० मिमीची आणि वर ३५ सेंमी ६ ते १० मिमीची. खडी धुऊनच भरायची. क्रशरची भुकटी आत गेली की खडीमधल्या फटी बुजतात आणि मग पूर्ण वाफा उपसण्यावाचून इलाज राहत नाही. या फटींमध्ये आणखी दहाएक हजार लिटर पाणी मावतं, म्हणून एकूण ८५,००० लिटर धरा.

पाण्याचा मार्ग असा ठेवा: तलावाच्या काठाचा स्किमर, म्हणजे वरचं तरंगतं पाणी ओढून घेणारी पेटी, त्यात पानं अडवणारी जाळी, तिथून उताराने वाफ्याच्या वरच्या भागात पुरलेल्या भोकांच्या पाइपमध्ये. पाणी खडीतून खाली झिरपतं, तळाच्या ११० मिमीच्या भोकांच्या पाइपमध्ये जमतं, तिथून पंपाच्या चेंबरमध्ये आणि पंपाने पुन्हा तलावात. पंप गाळणीच्या नंतर असल्याने त्याला गाळलेलंच पाणी मिळतं आणि तो तुंबत नाही. मुळशीत पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पानं पूर्वेच्या काठाला साचतात. स्किमर तिथेच बसवा.

पंप मोठा घेऊ नका. ताशी १०,००० लिटरचा, कमी उंचीवर पाणी ढकलणारा, १०० वॅटच्या आसपासचा पुरे. पाइपांमधला अडथळा धरून ताशी ७ ते ८ हजार लिटर मिळतं, म्हणजे सगळं पाणी दिवसातून दोनदा गाळून निघतं. २४ तास चालवायचा, दिवसाला अडीच युनिटच्या आत वीज लागते. शेतीचा एक एचपीचा मोनोब्लॉक लावून दिवसातून तीन तास चालवणं हा खोटा हिशोब आहे. खडीवर वाढून घाण पचवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू सतत लागतो, उरलेले २१ तास ते गुदमरतात.

काळ्या मातीबद्दल: काठापासून एक मीटर बाहेरपर्यंत ती पूर्ण काढा. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि काठाची भिंत सरकवते. तिच्या जागी मुरूम १५-१५ सेंमीच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून भरा. त्यावर ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जिओटेक्स्टाइल कापड आणि मग अस्तर. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद पोहण्याच्या तलावाला पातळ पडतो. निदान एक मिलिमीटरचा एचडीपीई प्लास्टिकचा किंवा १.१४ मिमीचा ईपीडीएम रबर घ्या. माप काढताना लांबी + दोनदा सर्वांत जास्त खोली + दोन्ही काठांना प्रत्येकी ६० सेंमी. रुंदीचंही तसंच. तुमच्या पोहण्याच्या भागाला साधारण १५ × १० मीटरचा तुकडा लागेल, वाफ्याचा वेगळा.

अस्तराखाली भोकांचा पाइप खडीत पुरून त्याचं तोंड उताराला काढा. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं आणि तलाव रिकामा असेल तर अस्तर खालून फुगवून उचलतं. त्यामुळे जून ते ऑक्टोबर तलाव कधीही रिकामा करायचा नाही.

वेखंड_आणि_वाळा
वरचं बांधकाम बिनचूक झालं तरी तलाव हिरवा पडू शकतो, कारण शेवाळाचा प्रश्न पाण्यातल्या फॉस्फरसचा आहे. लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या खाली तो असेल तर शेवाळ उपाशी राहतं. आता हिशोब करा. ८५,००० लिटरला ही मर्यादा गाठायला एक ग्रॅमही लागत नाही. एप्रिल-मेमध्ये दिवसाला ७ मिमी बाष्पीभवन धरलं तर एक गुंठ्यातून रोज ७०० लिटर, महिन्याला २१,००० लिटर पाणी भरून काढावं लागेल. बोअरच्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम फॉस्फरस असेल तर एका महिन्यात एक ग्रॅम तुम्हीच आत ओतलेला असेल.

म्हणून कामाला हात घालण्याआधी बोअरचं पाणी प्रयोगशाळेत द्या आणि 'एकूण फॉस्फरस, ०.०१ पर्यंत मोजता येईल अशा पद्धतीने' असं स्पष्ट सांगा. मत्स्यालयाचा किट इतकं बारीक मोजत नाही. अहवालात आकडा 'फॉस्फेट' म्हणून दिला असेल तर फॉस्फरस काढायला त्याला ३ ने भागा. जड पाण्याची मात्र चिंता नको. भिंतीवर पांढरा चुना बसेल, पण तो साकळताना थोडा फॉस्फेट आपल्याबरोबर खाली नेतो. छपराचं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तमच, फक्त पहिल्या दोन-तीन सरी बाहेर सोडा, कारण त्यांच्याबरोबर धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा येते.

फॉस्फरस आत येण्याची दुसरी वाट काठाची. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा काठ २० सेंमी उंच ठेवा आणि चढाच्या बाजूला चर खणा. अस्तराची कड पाण्याच्या वर उभी राहिली पाहिजे. ती मातीखाली दाबली की माती पाणी शोषून बाहेर नेते, आणि पाऊस पडला की तीच माती खतासकट आत येते. पाणी विनाकारण कमी होतंय, गळती सापडत नाही, अशी तक्रार असली की आधी काठ बघावा. सांडव्याला ११० मिमीचे दोन पाइप द्या. मुळशीच्या पावसाला एक पाइप पानांनी तुंबला तरी दुसरा चालू राहायला हवा.

वनस्पती मातीशिवाय, थेट खडीत. रोपवाटिकेतून रोप आलं की मुळांची माती आणि शेणखत बादलीत पूर्ण धुऊन काढा, ते पाणी बागेत ओता. चौरस मीटरला ५ ते ६ रोपं, म्हणजे अडीचशे ते तीनशे. कर्दळ, वेखंड, वाळा, छत्रीगवत आणि कडेला नीरब्राह्मी. कर्दळ सर्वांत भुकेली, म्हणून निम्मी तीच लावली तरी हरकत नाही. पाणकणीस आणि नळ नावाचं उंच गवत नको, त्यांचे टोकदार कंद अस्तर भोसकतात. जलपर्णी अजिबात नको. कमळाला सकस चिखल लागतो आणि आपल्याला नेमका तोच टाळायचा आहे. हौस असेल तर ते अंगणात वेगळ्या टाकीत लावा.

रोप फॉस्फरस आपल्या अंगात साठवतं, नाहीसा करत नाही. त्यामुळे कापणी ही या सगळ्या व्यवस्थेतली खरी सफाई आहे. आपल्याकडे वाढ बाराही महिने असल्याने दर दोन-तीन महिन्यांनी एक तृतीयांश वाफा कापा आणि कापलेलं सगळं आवाराबाहेर किंवा चढापासून दूर असलेल्या कंपोस्टमध्ये टाका. पानं वाफ्यावरच कुजली तर आधीची मेहनत फुकट.

भरल्यावर पहिले काही आठवडे पाणी हिरवं होईलच. त्या वेळी मोरचूद किंवा ब्लिचिंग पावडर टाकण्याचा मोह आवरा. शेवाळ खाणारे पाणपिसू नावाचे बारीक जीव त्याने आधी मरतात आणि तांबं तळाशी साचून राहतं. धाग्याचं शेवाळ काठीला गुंडाळून काढा, तेवढा फॉस्फरस बाहेर गेला.

मासे नकोत. गप्पी डासांच्या अळ्या खातात हे खरं, पण पाणपिसूही खातात आणि विष्ठा पाण्यातच टाकतात.

पाणीतपासणी
मुलं पोहणार आहेत म्हणून आरोग्याबद्दल थोडं कडक लिहिते. रोपं लावल्यावर सहा ते आठ आठवडे कोणी उतरू नये. त्यानंतर १०० मिलिलिटरमागे ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) मोजून घ्या. जर्मनीत अशा सार्वजनिक तलावांना १००ची मर्यादा आहे, घरीही तीच धरा. पोहण्याआधी साबण-लोशनशिवाय आंघोळ, मुलांना आधी लघवीला नेणं, आणि गुरं-कुत्री काठापर्यंत येणार नाहीत असं कुंपण. ते १.२ मीटर उंच हवं आणि फाटकाची कडी मुलांच्या हाताला लागू नये.

उष्ण, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया हा अमीबा वाढू शकतो. तो नाकातून मेंदूपर्यंत जातो. आजार फार दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक जीवघेणाच. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाच्या मेंदूज्वराचे रुग्ण सापडले, त्यातले काही तळ्यात पोहलेले होते. युरोपातल्या माहितीपत्रकांत हा मुद्दा क्वचित दिसतो, कारण तिथलं पाणी थंड असतं. आपल्याकडे उन्हाळी दुपारी वरचं पाणी ३० अंशांच्या पुढे सहज जातं. म्हणून उडी आणि सूर मारणं बंद, नाकाला क्लिप, तळाचा गाळ दर आठवड्याला ओढून काढायचा, पश्चिमेला सावलीची जाळी, आणि या पाण्याने जलनेती कधीही नाही. परतीच्या पाइपवर यूव्ही (जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा) दिवा बसवलात तर त्यातून जाणाऱ्या पाण्यापुरता उपयोग होतो, तलावाच्या तळावर त्याचा परिणाम नाही. एवढं करूनही धोका शून्य होत नाही. तो पत्करायचा नसेल तर क्लोरीनचा तलाव बांधा, त्यात काही कमीपणा नाही.

पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती उंदरांच्या लघवीतून येते. धान्याची कोठी आणि कोंबड्यांचं खाद्य तलावापासून लांब ठेवा आणि अंगावर उघडी जखम असेल तर पाण्यात उतरू नका.

मुळशीतला_वाफा
आभारी आहे, आराखडा बदलतो. दोन शंका राहिल्या. मासे नाहीत तर डासांचं काय? आणि आमच्याकडे वीज कधी कधी दिवसभर जाते, तेव्हा वाफ्याचं काय होईल?

खडीगाळणी
खडीचा वरचा ५ ते ७ सेंमी थर पाण्याच्या पातळीच्या वर कोरडा राहू द्या. वाफ्यावर उघडं पाणीच नसेल तर डास अंडी कुठे घालणार? पोहण्याच्या भागात परतीच्या पाण्याने पृष्ठभाग हलता राहतो आणि चतुरांच्या अळ्या उरलेलं काम करतात. पंपाचं चेंबर मात्र जाळीने घट्ट झाका, डास बहुधा तिथेच होतात. कोपऱ्यात अळ्या दिसल्याच तर बीटीआयचे (डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूंचे) दाणे टाका.

चार-सहा तास वीज गेली तर काही बिघडत नाही. दिवसभर जात असेल तर १०० वॅटचा पंप घरच्या इन्व्हर्टरवर घ्या. वाफा दिवसापेक्षा जास्त बंद राहिला तर आतलं पाणी सडक्या अंड्यासारखं वास मारतं. तेव्हा चेंबरमधला व्हॉल्व्ह फिरवून वास जाईपर्यंत पाणी बागेला सोडा आणि मगच तलावाकडे वळवा. हा व्हॉल्व्ह आत्ताच आराखड्यात घाला.

विजेबद्दल एक गोष्ट ठेकेदाराकडून लिहून घ्या: २३० व्होल्टचा कुठलाही पंप किंवा दिवा पोहण्याच्या पाण्यात नको. पंप वेगळ्या चेंबरमध्ये, स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. त्याचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबून बघा.