मदत हवी आहे : हँडीला लांब अँटेना लावला की ऐकू येणं उलट कमी होतं

नमस्कार मंडळी,

हॅम (हौशी रेडिओ) परवाना मिळाल्यापासून एक ड्युअल बँड हँडी, म्हणजे हातात धरायचा रेडिओ सेट, वापरते आहे. ५ वॅट, व्हीएचएफ आणि यूएचएफ, ७.४ व्होल्टची लिथियम आयन बॅटरी, आणि रिसीव्हरचं जवळजवळ सगळं काम एकाच चिपवर. नव्या हॅमच्या हातात बहुधा याच वर्गातला सेट पहिल्यांदा येतो. म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही. अडचण या वर्गाची आहे की फक्त माझ्या नगाची, हेच तर विचारायचं आहे.

सेटबरोबर आलेल्या रबरी अँटेनावर घराच्या गच्चीवरून रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणारं केंद्र) ऐकू येतो. थोडी खरखर असते, पण बोलणं कळतं. त्या आखूड अँटेनात फारसा दम नसतो, १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीच सुमारे ५० सेंटिमीटर भरते, तेव्हा लांब अँटेना घे, असं सगळ्यांनी सांगितलं. ते पटलं आणि घेतला. आता गच्चीवर हा लांब अँटेना लावला की सिग्नलचा पट्टा पूर्ण भरतो, पण आवाज तुटतो. समोरचा बोलत असताना मधलेच शब्द गायब होतात. कधी पट्टा भरलेला आणि स्पीकर मात्र गप्प. कोणी बोलत नसतानाही पट्टा नाचत राहतो. रबरी अँटेना परत लावला की तेच स्टेशन नीट येतं.

हाच लांब अँटेना डोंगरावर नेला तर मात्र अप्रतिम चालतो. रबरीवर नावालाही न येणारे रिपीटर तिथे स्वच्छ ऐकू येतात. आता अँटेना खराब म्हणावा तर डोंगरावर कसा चालतो, आणि सेट खराब म्हणावा तर रबरीवर कसा चालतो?

स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी पातळी) वाढवून पाहिला, त्यानं नाचणारा पट्टा थांबत नाही. बॅटरी बदलून पाहिली. अँटेनाचा एसएमए जोड घट्ट आहे, पिन सरळ आहे. रिसीव्ह टोन (ठरावीक टोन आला तरच स्पीकर उघडणारी सोय) मुद्दाम बंदच ठेवला आहे, त्यामुळे टोन न जुळल्यामुळे आवाज अडतोय असंही नाही.

दुसरी तक्रार माझी नाही, मला ऐकणाऱ्यांची आहे. "कॅरियर पूर्ण येतो, आवाज खोल जातो," म्हणजे सिग्नल जोरदार पण बोलणं क्षीण, असं नेटवर (ठरलेल्या वेळी हॅम मंडळी रेडिओवर एकत्र जमतात तिथे) जवळपास प्रत्येक वेळी ऐकावं लागतं. माईक तोंडाजवळ धरूनही फरक नाही.

आमचा गट आपत्तीच्या वेळी संदेशवहनाचं काम करतो आणि त्यासाठी माझा हा सेट कायम भरलेला, तयार असतो. अशा वेळी सेट गच्चीवरच बहिरा झाला तर काय उपयोग? म्हणून ज्यांनी चिपवाला सेट आणि महागडा सुपरहेट सेट (फ्रिक्वेन्सी टप्प्यानं बदलून, फिल्टरमधून गाळून ऐकणारा पारंपरिक रिसीव्हर) असे दोन्ही स्वतः वापरले आहेत, त्यांनी अनुभव सांगावेत. माहितीपत्रकातले आकडे माझ्याकडे आहेत, ते नकोत.

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

सरळ जास्त वॅटचा सेट घ्या. ८ वॅटचे हँडी आता सहज मिळतात. ५ वॅटमध्ये शहरात काही होत नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी असहमत. धागाकर्तीचा प्रश्न ऐकण्याचा आहे. प्रक्षेपणाची शक्ती वाढवून रिसीव्हरला काय मिळणार? आणि प्रक्षेपणापुरतंच बोलायचं तरी ५ वरून ८ वॅटवर गेल्यानं २ डेसिबल वाढतात. एका एस युनिटला (सिग्नल मीटरवरच्या एका पायरीला) ६ डेसिबल धरतात, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर एक तृतीयांश एस युनिट. बॅटरी मात्र लवकर संपेल आणि सेट जास्त तापेल. व्हीएचएफवर खरा खेळ उंचीचा असतो. अँटेना जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर रेडिओ क्षितिज (सिग्नल सरळ पोचण्याची हद्द) सुमारे ५ किलोमीटर, १०० मीटरवर तेच ४१ किलोमीटर. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ नं गुणा, किलोमीटर मिळतात.

आता मूळ प्रश्न. ताई, तुमचा अँटेना चांगला आहे आणि सेटही बिघडलेला नाही. सेट ओव्हरलोड होतोय. रात्री समोरून मोठ्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले की शेजारून चालणारा माणूस दिसत नाही, तसंच. डोळे शाबूत असतात, पण त्या प्रखर उजेडानं दिपलेले असतात.

गच्चीवरून तुम्हाला काय काय दिसतं ते आठवा. मोबाइलचे मनोरे, एफएम प्रसारणाचा मनोरा, शेजारच्या इमारतीवर कोणाचं तरी व्हीएचएफ बेस स्टेशन. एफएम प्रसारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये चालतं आणि त्याची शक्ती किलोवॅटमध्ये असते. मूळ यूव्ही-५आर या हँडीतली आरडीए १८४६ चिप घ्या किंवा यूव्ही-के५ मधली बीके ४८१९, अशा सेटमध्ये चिप म्हणजेच रिसीव्हर. तिच्या आधी फिल्टर असतो, पण तो रुंद. नको असलेले जोरदार सिग्नलही त्यातून आत शिरतात आणि पहिलाच अॅम्प्लिफायर दबून जातो. मग हवा तो सिग्नल कितीही चांगला असो, बाहेर पडत नाही. लांब अँटेना सगळंच जास्त गोळा करतो, नको तेसुद्धा. रबरी अँटेना थोडंच गोळा करतो, म्हणून सेट शुद्धीवर राहतो. डोंगरावर मनोरे लांब असतात, तिथे लांब अँटेनाचा फायदाच फायदा.

माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः तपासा. एक १० डेसिबलचा अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) अँटेना आणि सेटच्या मध्ये लावा. साध्या हिशोबानं आवाज बिघडायला हवा. तो सुधारला तर दोष ओव्हरलोडचा, याबद्दल शंका ठेवू नका. कारण असं की दोन परके सिग्नल रिसीव्हरमध्ये एकमेकांत मिसळून जो तिसऱ्या क्रमाचा (थर्ड ऑर्डर) भुताटकी सिग्नल तयार करतात, तो १० डेसिबलच्या अॅटेन्युएटरनं तब्बल ३० डेसिबल खाली जातो. तुमचा हवा तो सिग्नल फक्त १० नं उतरतो.

मात्र एक काळजी घ्याच. हे छोटे अॅटेन्युएटर बहुधा १-२ वॅटचे असतात, त्यात ५ वॅट सोडले तर जळतील. चर्प या सेट प्रोग्राम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या चॅनेलचं डुप्लेक्स 'ऑफ' करून ठेवा, म्हणजे चुकून पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबला गेला तरी सेट प्रक्षेपण करणार नाही. सेटमध्ये नवं काही लिहिण्याआधी त्यातली मूळ इमेज (सगळ्या सेटिंगची फाइल) उतरवून जपून ठेवा, आणि दुसऱ्याच्या सेटची इमेज आपल्यात ओतू नका.

अॅटेन्युएटर नसेल तर सेट छातीशी धरून गच्चीवर सावकाश गोल फिरा. तुमचं शरीर मनोऱ्याच्या आड येईल त्या दिशेला आवाज मोकळा होतो का पाहा.

प्रतिसाद ३

आवाज खोल जाण्याबद्दल. मेन्यूमध्ये वाइड/नॅरो पाहा. यूव्ही-५आरमध्ये तो ५ नंबरचा मेन्यू. नॅरोवर डेव्हिएशन (आवाजानं फ्रिक्वेन्सी जेवढी सरकते ते प्रमाण) अडीच किलोहर्ट्झ, वाइडवर ५. रिपीटर वाइड असेल आणि तुम्ही नॅरोवर बोलत असाल तर तुमचा आवाज इतरांच्या निम्म्या डेव्हिएशननं जातो. कॅरियर पूर्ण आणि आवाज खोल हे लक्षण अगदी तेच. हे प्रत्येक चॅनेलसाठी वेगळं साठवलेलं असतं, एकदा बदलून सगळीकडे बदलत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार.

आधी गोल फिरण्याची परीक्षा केली, कारण तिला काही लागत नाही. परिणाम पाहून थक्क झाले. पूर्वेला तोंड करून उभी असताना रिपीटर तुटक, आणि पश्चिमेला वळले, म्हणजे सेट माझ्या अंगाआड आला, की लगेच आवाज मोकळा. पूर्वेलाच जवळच्या इमारतीवर मोबाइलचे पॅनेल आणि त्यांच्याशेजारी दोन उभे फायबरग्लासचे अँटेना आहेत. ते कोणाचे ते ठाऊक नाही. एक मजला खाली, जिन्याच्या खिडकीतून, लांब अँटेनावरही रिपीटर नीट येतो. वर जावं तसं बिघडत जातं! अॅटेन्युएटर एका सदस्यांकडून मिळाला. तो लावल्यावर पट्टा अर्ध्यावर आला आणि आवाज स्पष्ट झाला.

वाइड/नॅरो पाहिलं, ते वाइडच आहे. त्यामुळे खोल आवाजाचं कोडं तसंच आहे.

प्रतिसाद ४

सेटला सिलिकॉनचं कव्हर आहे का? या सेटचं माईकचं भोक टाचणीच्या टोकाएवढं असतं. कव्हर एक-दोन मिलिमीटर सरकलं तरी ते झाकलं जातं. समोरून बघून कळत नाही, कव्हर काढून उजेडात भोक शोधा आणि कव्हरचं छिद्र बरोबर त्यावर येतं का ते पाहा. आणखी एक, पीटीटी दाबल्यावर क्षणभर थांबून बोला. टोन ओळखून रिपीटर उघडायला तेवढा वेळ लागतो, नाहीतर कॉलसाइनचं पहिलं अक्षर जातं. माईक तोंडापासून चार बोटं लांब आणि थोडा तिरका, म्हणजे फुंकर आत जात नाही. अँटेना मात्र उभाच ठेवा. समोरचा उभा आणि आपला आडवा असेल तर सिग्नल २० डेसिबलपर्यंत पडू शकतो. बोलताना हँडी आडवा धरणारे पुष्कळ दिसतात.

प्रतिसाद ५

दोन्ही वर्गांतले सेट बरीच वर्षं वापरतोय, म्हणून लिहितो.

माझ्याकडे जुना डबल कन्व्हर्जन सुपरहेट आहे आणि चिपवालाही. मोकळ्या जागी, ट्रेकवर, गावाबाहेर दोघांत मला फरक करता येत नाही. मनोऱ्यांच्या पायथ्याशी मात्र फरक दिवसाउजेडी दिसतो. सुपरहेटवर बाहेरचा मोठा अँटेना लावूनही नेट चालवता येतं, चिपवाला तिथे गुदमरतो. मदतकेंद्रं बहुधा शहराच्या मधोमध, उंच इमारतींत असतात, हे विसरू नका. तुमच्या कामासाठी म्हणूनच मी सुपरहेट सुचवेन. यासूचा एफटी-६० हे या जातीतलं बऱ्याच जणांच्या परिचयाचं नाव. त्याला निकेल मेटल हायड्राइडची ७.२ व्होल्टची बॅटरी येते आणि पेन्सिल सेलचा डबाही मिळतो. वीज नसताना सेल कुठेही मिळतात, ही गोष्ट आपत्तीत फार मोठी आहे.

पण माझ्या सुपरहेटमध्येही त्रास आहेच. तो जड आहे, चार्जिंगला रात्र जाते, आणि नुसता ठेवून दिला तरी निकेलची बॅटरी हळूहळू उतरते. लिथियमचा सेट महिनाभर कपाटात राहिला तरी बोलायला तयार असतो. त्यामुळे पहिला सेट काढून टाकू नका.

प्रतिसाद २ (पुन्हा)

नवा सेट घेण्याआधी एक उपाय आहे. दोन मीटर बँडपुरता (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचेच सिग्नल आत सोडणारा) बँडपास फिल्टर मध्ये लावला तर चिपवाला सेटही गच्चीवर चालेल. त्यातून प्रक्षेपण करायचं असेल तर फिल्टर ५ वॅट सोसणारा हवा, हे घेताना नीट पाहा. फक्त एफएम प्रसारण अडवणारा फिल्टर घेऊ नका. पूर्वेकडचे ते दोन उभे अँटेना व्हीएचएफचे असतील तर तो फिल्टर त्यांना अडवणार नाही. ते तुमच्या अगदी शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर असतील तर बँडपासही पुरता उपयोगी पडणार नाही, मग सुपरहेटच.

तोवर गच्चीवर रबरी अँटेनाच ठेवा आणि त्याला शेपटी लावा. सुमारे ४९ सेंटिमीटरची लवचिक वायर अँटेनाच्या बुडाशी, एसएमएच्या बाहेरच्या धातूच्या कड्याला जोडून खाली लोंबती सोडायची. मधल्या पिनेला ती लागता कामा नये. हँडीच्या छोट्या अंगाला दोन मीटरवर पुरेसा प्रतिभार (अँटेनाचा दुसरा अर्धा भाग) मिळत नाही, तो ही वायर देते. रिपीटरवर तुमचा सिग्नल सुधारलेला लगेच कळेल.

धागाकर्ती

कव्हर काढून पाहिलं. माईकचं भोक कव्हरच्या छिद्राच्या कडेखाली निम्मं झाकलं जात होतं. छिद्र कात्रीनं मोठं केलं, आणि आजच्या नेटवर नेट कंट्रोलनं (नेट चालवणाऱ्यानं) स्वतःहून सांगितलं की आवाज पहिल्यांदाच भरून आला. प्रतिसाद ४ वाल्या मित्रांचे विशेष आभार, नाहीतर मी त्यापायी सेट बदलला असता.

शेपटीही लावली. रबरी अँटेनावर आता रिपीटर पलीकडून न अडखळता उघडतो.

बँडपास फिल्टर आधी गटातल्या कोणाकडून उसना घेऊन पाहते. त्यानं भागलं नाही तर केंद्रासाठी सुपरहेट, आणि हा सेट पाठपिशवीत. आता एवढंच कोणी सांगा: एसएमएवर फिल्टर आणि त्यापुढे लांब अँटेना असं लटकवलं तर जोडावर ताण येऊन तो सैल होतो का? मध्ये छोटी लवचिक केबल टाकणं चांगलं की तिच्यात जाणारं नुकसान जास्त? ज्यांनी करून पाहिलं आहे त्यांनी फोटोसकट सांगितलं तर फार बरं होईल.

७३ (हॅम मंडळींच्या भाषेत शुभेच्छा)